केनियातले फिंच आणि त्यांचे दाणे खाणारे भाऊबंद: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नैरोबीत राहायला लागून मला चौदा वर्षं झाली. इथे येणारा प्रत्येक पाहुणा सिंह, हत्ती आणि माराचं मायग्रेशन, म्हणजे मसाई मारातलं जनावरांच्या कळपांचं स्थलांतर, डोक्यात घेऊन येतो आणि मग सकाळी आमच्या गॅलरीत चहा पिताना समोरच्या गवतात एखादा निळा ठिपका उडताना दिसला की "अगं हे काय होतं?" म्हणून विचारतो. तेच प्रश्न नंतर व्हॉट्सॲपवर धूसर फोटोंसकट येत राहतात. म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू. ही दहा-दहा ग्रॅमची पाखरं मी रोज बघते आणि त्यांच्यावर माझा फार जीव आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

फिंच म्हणजे नक्की कोण? आपल्या चिमण्याच ना?

नाही, पण गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. बोलताना आपण जाड, शंकूसारख्या चोचीच्या, दाणे फोडून खाणाऱ्या कुठल्याही छोट्या पाखराला फिंच म्हणून मोकळे होतो, पण केनियात या वर्णनात बसणारी वेगवेगळी घराणी आहेत. खरे फिंच म्हणजे कॅनरी आणि सीडईटर. इथल्या डोंगराळ भागातल्या बागेत रेषारेषांचा, मातकट, भुवई पांढुरकी असलेला स्ट्रीकी सीडईटर हमखास दिसतो, तो या घराण्यातला. दुसरं घराणं वॅक्सबिलचं, हे आपल्या मुनियांचे सख्खे नातेवाईक. तिसरं सुगरणीचं, त्यात विणकर पक्षी, बिशप, विडोबर्ड आणि तो बदनाम क्वेलिया. चौथं व्हिडा आणि इंडिगोबर्डचं, जे स्वतःचं घरटं कधीच बांधत नाहीत. शिवाय चिमण्या वेगळ्या आणि भारीट वेगळे. हिवाळ्यात आपल्याकडे ज्वारीच्या रानात येतात ना काळ्या डोक्याचे भारीट, त्यांचे इकडचे भाऊ.

एवढी नावं कुठं लक्षात राहणार, सुरुवातीला कुठले शिकू?

चार शिका, पुरे. पहिला रेड-चीक्ड कॉर्डन ब्लू. आकाशी निळा, पाठ मातकट आणि नराच्या गालावर कुणीतरी कुंकवाचं बोट लावल्यासारखा लाल ठिपका, मादीला तो ठिपका नसतो. दुसरा रेड-बिल्ड फायरफिंच, नर लालभडक, मादी मातकट पण डोळ्याजवळ लाली, आणि नीट पाहिलं तर छातीच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे बारीक पांढरे ठिपके. हा माणसाच्या जवळ राहणारा, अंगणात पायाशी येऊन दाणे टिपणारा. तिसरा ब्राँझ मॅनिकिन, काळं डोकं, पांढरं पोट, हे नेहमी घोळक्याने येतात आणि गवताच्या एकाच काडीवर तिघं-तिघं बसतात. चौथा पर्पल ग्रेनेडियर, हा जरा कोरड्या, झुडपांच्या भागातला, जांभळं पोट, तपकिरी डोकं आणि लाल चोच, उन्हात आला की बघतच राहावं.

कॉर्डन ब्लूची एक गंमत सांगते. लिनिअसने १७६६ साली त्याला जे शास्त्रीय नाव दिलं त्यात 'बेंगालस' आहे, म्हणजे बंगालचा. हा पक्षी बंगालात नाहीच, पूर्ण आफ्रिकेचा. तेव्हा नमुने जहाजाने युरोपात जायचे आणि कुठून आले याचा घोळ व्हायचा, तो घोळ नावात कायमचा राहिला.

मी एप्रिलमध्ये पाहिलेला लाल-काळा पक्षी ऑगस्टमध्ये दिसलाच नाही, गेला कुठे?

बहुतेक तिथेच होता, तुम्ही चिमणी समजून सोडून दिलात. बिशप, विडोबर्ड, व्हिडा, इंडिगोबर्ड, क्वेलिया या सगळ्यांचे नर फक्त विणीच्या हंगामात नटतात. पाऊस झाला, गवत वाढलं की काळा, लाल, पिवळा पोशाख आणि लांब शेपट्या, आणि हंगाम संपला की सगळं उतरवून मातकट रेषांचे होतात, मग नर कोण मादी कोण, कुठल्या जातीचा कोण, अनुभवी माणसंसुद्धा चकतात. वॅक्सबिल घराण्याचं तसं नाही, ते बारा महिने रंगीत. म्हणून नवीन माणसाने त्यांच्यापासून सुरुवात करावी असं मी म्हणते.

केनियात पाऊस दोनदा, साधारण मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. आपले लोक मायग्रेशनसाठी जुलै-ऑगस्टमध्ये येतात तेव्हा गवत वाळलेलं असतं. लांब शेपट्या बघायच्या असतील तर पावसाच्या मागोमाग या.

तो काळा-पांढरा, लाल चोचीचा, शेपटी सांभाळत उडणारा कोण?

पिन-टेल्ड व्हिडा. शेपटीची चार पिसं त्याच्या अंगापेक्षा लांब, आणि स्वभावाने इतका भांडखोर की दाण्याच्या ताटलीवर आला की आपल्यापेक्षा मोठ्यांनासुद्धा हुसकावून लावतो. मादीच्या पुढ्यात हवेत तरंगत वरखाली नाचतो.

पण त्याची खरी गोष्ट पुढे आहे. मादी अंडी घालते ती कॉमन वॅक्सबिलच्या घरट्यात. आपल्याला कोकिळेची सवय असल्यामुळे लोक लगेच विचारतात, मग तिचं पिल्लू यजमानाची अंडी-पिल्लं फेकतं का? काही कोकिळांची पिल्लं तसं करतात, व्हिडाचं पिल्लू मात्र कुणाला बाहेर ढकलत नाही. ते वॅक्सबिलच्या पिल्लांबरोबर एकाच घरट्यात वाढतं. त्यासाठी त्याने जी तयारी केली आहे ती बघण्यासारखी आहे. वॅक्सबिल घराण्यातल्या पिल्लांनी चोच उघडली की आत टाळूवर ठिपक्यांची नक्षी असते, प्रत्येक जातीची वेगळी. व्हिडाच्या पिल्लाच्या तोंडात यजमानाच्या पिल्लांशी मिळतीजुळती नक्षी असते, मान वळवून भीक मागायची पद्धतही तशीच, मग आईबाप भरवतात.

आणि प्रत्येक व्हिडाचं घर ठरलेलं. केनियाच्या कोरड्या भागातला स्ट्रॉ-टेल्ड व्हिडा, ज्याची शेपटी वाळक्या गवताच्या काड्यांसारखी पिवळी दिसते, तो पर्पल ग्रेनेडियरच्या घरी. पॅराडाइज व्हिडा ग्रीन-विंग्ड पिटिलिया या वॅक्सबिल घराण्यातल्याच पाखराच्या घरी. म्हणजे ज्या झुडपांत ग्रेनेडियर नाही तिथे तो शेपटीवालाही टिकणार नाही.

इंडिगोबर्ड दुसऱ्याचं गाणं चोरतो हे खरं का?

हो. व्हिलेज इंडिगोबर्डचा नर निळसर चकाकी असलेला काळा असतो. आमच्या कंपाउंडमध्ये एका वाळक्या फांदीवर तो तासन् तास बसून गातो आणि मधेच त्याच्या गाण्यात फायरफिंचचे सूर येतात. पहिल्यांदा मी खाली गवतात फायरफिंच शोधत बसले होते, आवाज तर स्पष्ट येतोय, पक्षी दिसेना, शेवटी वर बघितलं तर हा.

त्याचं कारण असं की तो फायरफिंचच्या घरट्यात वाढलेला असतो, पाळणाऱ्या बापाचं गाणं कानात बसलेलं असतं. फायरफिंचकडे वाढलेली इंडिगोबर्डची मादी मोठी झाल्यावर तेच गाणं गाणारा नर शोधते आणि अंडीही फायरफिंचच्याच घरट्यात घालते. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी अनेक वर्षं यावर काम केलं, इंडिगोबर्डची पिल्लं बेंगलीज फिंच या पाळीव पक्ष्यांकडे वाढवून पाहिली, तर नर मोठे होऊन बेंगलीज फिंचचं गाणं गायला लागले. माहेर कुठलं ते गाण्यावरून कळतं म्हणायचं.

एवढी लांब शेपटी उडताना त्रासच देत असणार, मग ठेवायची कशाला?

हाच प्रश्न डार्विनच्या काळापासून लोकांना पडलेला होता आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर केनियातून आलं, याचा मला इथे राहणारी म्हणून फार अभिमान वाटतो. नैरोबीच्या वायव्येला, रिफ्ट व्हॅलीच्या काठावर किनांगोपचं पठार आहे, उंच, थंड, धुकं येणारं. तिथे लाँग-टेल्ड विडोबर्ड राहतो. काळाकुट्ट, खांद्यावर लाल पट्टा आणि शेपटी अर्धा मीटर. उडतो तेव्हा गवतावरून काळं फडकं हळूहळू ओढत नेल्यासारखं दिसतं, वारा असला की बिचाऱ्याला पुढे जाणं कठीण होतं.

स्वीडनचे माल्टे अँडरसन यांनी तिथे साधा पण डोकेबाज प्रयोग केला. काही नरांच्या शेपट्या कापून आखूड केल्या, ते कापलेले तुकडे दुसऱ्या नरांना चिकटवून त्यांच्या शेपट्या आणखी लांब केल्या, काहींच्या कापून परत त्यांच्याच त्यांना चिकटवल्या म्हणजे नुसत्या कापण्या-चिकटवण्याचा परिणाम होतोय का ते कळावं, आणि काहींना हातच लावला नाही. मग प्रत्येकाच्या हद्दीत नवीन घरटी किती होतात ते मोजलं. सगळ्यात जास्त घरटी कुणाकडे, तर निसर्गाने दिली त्याहूनही लांब शेपटी मिळालेल्यांकडे. मादी शेपटी बघून निवडते हे रानात करून दाखवलेलं हे काम १९८२ साली छापून आलं आणि आज जगभरच्या कॉलेजांत शिकवलं जातं.

आता वाईट भाग. किनांगोपचं गवत बहुतांशी खाजगी जमिनीवर आहे आणि बटाटा, कोबी, गहू यांच्यासाठी ते नांगरलं जातंय. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पोट आहे, पण गवत गेलं की शार्प्स लाँगक्लॉ नावाचा फक्त केनियातच सापडणारा पक्षीही जातो आणि विडोबर्डही. नेचर केनिया या संस्थेने गवताचे काही तुकडे विकत घेऊन राखले आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत होतं, मागच्या खेपेला एका बाजूला बटाट्याचे वाफे होते आणि उरलेल्या बाजूला दोन नर, ओल्या शेपट्या वाळवत कुंपणाच्या तारेवर बसलेले.

गवतात उड्या मारणारा काळा पक्षी नैरोबीजवळ बघितला, तो हाच का?

तो जॅक्सन्स विडोबर्ड असेल, केनिया आणि उत्तर टांझानियाच्या उंच पठारांवरचा. नर गवत तुडवून गोल रिंगण करतो, मधोमध गवताचा एक झुबका तसाच ठेवतो आणि त्याच्याभोवती उड्या मारतो. लांबून बघितलं तर गवताच्या वर सारखे काळे चेंडू उसळताना दिसतात. पाऊस चांगला झाला तर नैरोबी नॅशनल पार्कमध्येही दिसतो.

क्वेलियाला पिसांची टोळधाड म्हणतात, इतका वाईट आहे का तो?

आकडे मोठे आहेत. रेड-बिल्ड क्वेलिया हा जगातला संख्येने सगळ्यात जास्त रानपक्षी मानला जातो, विणीनंतर त्यांची संख्या दीड अब्जाच्या घरात जाते असा अंदाज आहे. एक पक्षी दिवसाला साधारण दहा ग्रॅम दाणे खातो. दहा लाखांचा थवा बसला तर दिवसाला दहा टन. शेतकऱ्याच्या तोंडचा घासच जातो. २०२३ च्या सुरुवातीला किसुमूकडच्या भातशेतीवर असा हल्ला झाला होता आणि सरकारने त्यांच्या मुक्कामाच्या जागांवर फेन्थिऑन हे विष फवारलं.

पण हे पक्षी शेतात का येतात ते समजून घ्या. त्यांचं खरं खाणं रानगवताचं बी. दुष्काळ पडला की गवताला बी धरत नाही, चराऊ रान नांगरलं गेलं की गवतच नाही, आणि पहिला पाऊस पडला की जमिनीवरचं सगळं बी एकदम रुजतं आणि खायला काही उरत नाही, तेव्हा थवे उठतात. किसुमूच्या वेळीही आधी लांबलेला दुष्काळ होता. आणि फेन्थिऑन फक्त क्वेलियाला मारत नाही. त्याच झाडावर मुक्कामाला आलेले दुसरे पक्षी मरतात, मेलेला-अर्धमेला क्वेलिया खाणारे ससाणे, घुबडं मरतात. टांझानियात कोंडोआ भागात लोक जाळी लावून क्वेलिया पकडून खातात, मला वाटतं विषापेक्षा ते शंभर पटीने बरं, निदान पोटात तरी जातं.

म्वेआच्या भातशेतीत मी राखणीला बसलेली माणसं पाहिली आहेत. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, हातात चिखलाचे गोळे, डबे, तोंडाने आरोळ्या. माझे आजोबा सोलापूरकडे ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून गोफण फिरवायचे, डिट्टो तेच. पाखरं येतात कधी तर कणसात दूध भरतं तेव्हा, म्हणजे आपण हुरडा खातो तेव्हाच. दाण्याची चव त्यांनाही आपल्यासारखीच कळते.

केनियात ज्वारी-बाजरी कुठून आली, आपल्या लोकांनी नेली का?

उलटं! ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही मूळची आफ्रिकेची आणि हजारो वर्षांपूर्वी तिकडून भारतात आली. नाचणीचं माहेर तर पूर्व आफ्रिकेतल्याच उंच भागात. स्वाहिलीत ज्वारी म्हणजे म्तामा आणि नाचणी म्हणजे विंबी. आपल्या मुनिया भाकरीच्या ज्या धान्यावर तुटून पडतात ते धान्य या वॅक्सबिलांच्या गावचं आहे, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते.

गॅलरीत दाणे टाकले तर येतील का? काय टाकू?

येतील. बाजरी आणि नाचणी, बारीक दाणा हवा, मॅनिकिनला ज्वारी मोठी पडते. भात, शेव, फरसाण कृपा करून नको. आणि पाणी ठेवाच, कोरडे दाणे खाणाऱ्याला रोज पाणी लागतं, माझ्याकडे दाण्यांपेक्षा पाण्याच्या मातीच्या ताटलीवर जास्त गर्दी असते. ताटली रोज घासा नाहीतर आजार पसरतात.

लोक एक चूक हमखास करतात, ताटली भरलेली दिसते म्हणून नवीन दाणे घालत नाहीत. जवळून बघा. फायरफिंच दाणा उचलतो, चोचीच्या कडेला धरून जिभेने गोल फिरवतो, टरफल सोलून तिथेच टाकतो आणि आतला गर गिळतो. दोन दिवसांनी ताटलीत सगळी टरफलंच असतात. एक हलकी फुंकर मारा, सुपात पाखडल्यासारखी ती उडून जातील, मग खरा दाणा किती राहिलाय ते कळेल.

पण खरं सांगू का, दाण्यांपेक्षा गवत वाढू द्या. आमच्या कंपाउंडमध्ये दर पंधरा दिवसांनी गवत जमिनीसरसं कापायचे. दोन वर्षं भांडून मी मागच्या भिंतीलगतचा दहा-बारा फुटांचा पट्टा कापायचा नाही एवढं कबूल करून घेतलं. पहिल्याच पावसानंतर त्याला तुरे आले आणि आधी कधी न आलेले कॉमन वॅक्सबिल आले, वीस-पंचवीस, काडी वाकली की काडीबरोबर वाकत, तुरा पायात धरून बी ओढत.

इकडून एखादी जोडी भारतात नेता येईल का?

नाही, आणि विचारूही नका. केनियात १९७७ मध्ये शिकार आणि १९७८ मध्ये वन्यप्राण्यांचा व्यापार बंद झाला, आताचा २०१३ चा कायदाही कडक आहे. आपल्याकडेही देशी मुनिया पकडणं-विकणं बेकायदा आहे, तरी बाजारात रंग फासलेल्या मुनिया विकतात, तो रंग पुढच्या पिसांबरोबर जातो आणि बहुतेक वेळा पाखरू त्याच्या आधीच जातं. लहानपणी पिंजऱ्यात पाहिलेले लाल चोचीचे, राखाडी, गालावर नारिंगी असलेले ते झेब्रा फिंच, ते ऑस्ट्रेलियाचे, पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. त्यांचा इथल्या रानाशी संबंध नाही.

विणकर पक्षी म्हणजे आपली सुगरणच ना?

घराणं तेच, पण इथे जाती खूप. नैरोबीत स्पीक्स वीव्हर आणि बॅगलाफेक्ट वीव्हर बागेत दिसतात. सगळ्यात दुर्मीळ क्लार्क्स वीव्हर, फक्त किलिफी भागात अराबुको-सोकोके आणि डकाचाच्या जंगलात, आणि तो घरटी नेमकी कुठे करतो हे २०१३ पर्यंत कुणाला माहीतच नव्हतं, डकाचातल्या एका पावसाळी पाणथळीत सापडली. किनाऱ्यावर विणकरांच्या घरट्यांना एक मोठा त्रास आहे तो आपल्या भारतीय कावळ्यांचा, माणसाबरोबर तिकडे गेले आणि आता अंडी-पिल्लं खातात.

आणि साधी चिमणी?

आहे, तीही बाहेरून आलेली, मोंबासा बंदरातून शिरली आणि हळूहळू आत सरकत नैरोबीला पोचली. केनियाची स्वतःची केनिया स्पॅरो मात्र बघा, डोळा फिकट असतो, त्यामुळे सारखी रोखून बघतेय असं वाटतं.

एकटीने बघायला भीती वाटते, कुणाबरोबर जाता येईल का?

बुधवारी सकाळी नैरोबीच्या म्युझियमपासून नेचर केनियाचा बर्डवॉक निघतो, अनेक दशकं चालू आहे. नवख्यांना सांभाळून घेतात, दुर्बीण नसली तर शेजारचा हातात देतो. शहरात करुरा जंगल आणि आर्बोरेटम, कोरड्या भागातले पक्षी हवे असतील तर मगाडी रस्ता, बारिंगो, सांबुरू.

गवतात घरटं सापडलं, काय करू?

मागे फिरा, गवत होतं तसं सोडा, फोटोसाठी काड्या बाजूला करू नका. कॉमन वॅक्सबिलचं घरटं जमिनीलगत असतं, गवताचा गोळा आणि बाजूने बोगद्यासारखं दार. आजूबाजूला मांसाहारी जनावराची वाळकी विष्ठा दिसली तर घाण समजून उचलू नका, ती वॅक्सबिलनेच वास यावा आणि अंडी खाणारे दूर राहावेत म्हणून आणून ठेवलेली असते. कॉर्डन ब्लूचं घरटं झुडपात असेल तर आधी त्याच फांदीवर गांधीलमाश्यांचं पोळं आहे का बघा, कारण तो मुद्दाम त्यांच्या शेजारी घर करतो. आणि माळ्याला सांगून ठेवा की पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, त्या कोपऱ्यात स्लॅशर (गवत कापायचं पातं) चालवायचा नाही. मी तिथे लाल चिंधी बांधून ठेवते, ती दिसली की आमचा माळी आपणहून वळसा घालतो.